भिंतीवरचं उलटं गाव

सोफ्यावर टेकलात की ज्याच्याकडे तुमची पाठ होते, तो मी बोलतोय. फोटो. चार फूट रुंद, अडीच फूट उंच, सागवानी चौकट आणि वर काच. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वीस वर्षं एकाच भिंतीवर आहे. पाहुणे येतात, चहा येतो, कोणीतरी मान वळवून म्हणतं, "छान आहे हो, कुठलं गाव?" आणि उत्तराची वाट न बघता बिस्कीट उचलतं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. भिंतीवरच्या माणसाने अपेक्षा कमी ठेवाव्यात.

माझ्यात एक पाडा आहे. मागे डोंगर, त्याला मधोमध एक खाच. डोंगरातून निघालेला ओहोळ, ओहोळाच्या वळणावर उंबर. दोन कुडाच्या झोपड्या. पुढे उतारावरचं शेत, कापलेल्या नागलीचे, म्हणजे नाचणीचे, तीन ढीग, आणि शेत धरून ठेवणारा दगडी बांध. बांधावर एक बाई चालली आहे, डोक्यावर दगड घेऊन. काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी आहे ती. पाहुण्यांना दिसत नाही, दाखवावी लागते.

माझा जन्म शेखरभाऊंच्या हातचा. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, मुंजी, बारशी. लग्नाच्या फोटोंवर पोट आणि गावांच्या फोटोंवर जीव, असा त्यांचा कारभार. रविवार आला की गळ्यात कॅमेरा घालून मोटारसायकलवर डोंगराकडे पसार. घरची माणसं म्हणायची, देवाला गेला असता तर पुण्य तरी लागलं असतं.

दोन हजार चारच्या नोव्हेंबरात ते सुरगाण्याच्या बाजूला करवंदपाड्यावर पोचले. ओहोळापलीकडच्या खडकावर उभे राहिले. उजेड चांगला होता. बांधावरून जाणाऱ्या बाईला त्यांनी हाक मारली, "ओ ताई, जरा थांबा, फोटो काढतो." ती थांबली नाही. डोक्यावर दगड असलेल्या माणसाला थांब म्हणणाऱ्याची अक्कल तिने मनातल्या मनात मोजली असावी. शेखरभाऊंनी ती चालत असतानाच बटण दाबलं.

दोन महिन्यांनी स्टुडिओत तिघं जण आले. दिवाकरराव विमा कचेरीत नोकरीला, त्यांची बायको संपदाताई कॉलेजात शिकवणारी, आणि दिवाकररावांच्या आई, गोदावरीकाकू. पंचवटीतली जुनी जागा सोडून ते नव्या फ्लॅटमध्ये जाणार होते. संपदाताईंचं ठरलेलं होतं. हॉलमध्ये परदेशातले धबधबे नकोत, घोडे नकोत, खेडं हवं. "घरात शिरलं की गावाकडचं काहीतरी दिसलं पाहिजे," त्या म्हणाल्या. आता गंमत अशी की या घराण्याला गावच नव्हतं. दिवाकररावांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावरचं उपाध्येपण आणि संपदाताईंचं माहेर भर पेठेत. पण ज्यांना गाव नसतं त्यांनाच त्याची ओढ जास्त, हे मी नंतर फार पाहिलं.

शेखरभाऊंनी माझा छोटा नमुना काढून दाखवला. तिघांनाही आवडला. मग काकूंनी चष्मा लावून विचारलं, "हे पाणी कुठून कुठे वाहतंय?"

"डावीकडून उजवीकडे."

"आणि आमच्या हॉलचं दार उजवीकडे. म्हणजे पाणी दाराबाहेर चाललं. घरातलं पाणी बाहेर वाहताना लावत नाहीत. लक्ष्मी टिकत नाही."

"मग दुसऱ्या भिंतीवर लावा, काकू."

"दुसऱ्या भिंतीला खिडकी आहे. तुम्ही असं करा, हे फिरवून छापा. पाणी दारातून आत येऊ दे."

शेखरभाऊंचा चेहरा पडला. म्हणाले, "काकू, हे गाव आहे. असलेलं गाव. त्याचा डोंगर मी इकडचा तिकडे कसा नेऊ? उद्या तुमचा फोटो काढला आणि तुम्ही डाव्या हाताने कुंकू लावताना दिसलात, तर चालेल?"

"माझा फोटो भिंतीवर लागायला अजून अवकाश आहे," काकू म्हणाल्या. "तोपर्यंत हा लावू."

गिऱ्हाइकापुढे कलाकाराचं काय चालतं? शेखरभाऊंनी निगेटिव्ह उलटी घालून मला छापलं. डोंगराची खाच तीच, उंबर तोच, पण उजव्या हाताचं सगळं डाव्या हाताला गेलं. आरशात पाहावं तसं गाव झालं. राग कुठेतरी काढायला हवा होता, म्हणून चौकटीत बसवण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवर शाईने लिहिलं: "करवंदपाडा, तालुका सुरगाणा, नोव्हेंबर २००४. गिऱ्हाइकाच्या हट्टाखातर उलटा छापला आहे. गावाची माफी मागून, शेखर." खाली स्टुडिओचा शिक्का मारला, आणि पाठ पुठ्ठ्याने झाकून टाकली.

फेब्रुवारीत वास्तुशांत झाली. होम माझ्या बरोब्बर समोर. धुराने डोळे चुरचुरले असते, असते तर. त्या दिवशीच्या प्रत्येक फोटोत दिवाकरराव आणि संपदाताई पाटावर बसले आहेत आणि मागे मी आहे. तेव्हाच्या कॅमेऱ्यात कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची, तशी ती उमटली. अल्बम कपाटात गेला आणि मी भिंतीवर राहिलो.

मग वीस वर्षं. सांगण्यासारखं थोडं आणि बघण्यासारखं बरंच. वर्षभर माझ्यावर धूळ बसायची आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या घराला एकदम माझी आठवण यायची. केळवणं, डोहाळजेवणं, वाढदिवस, सगळ्यांचे फोटो माझ्यासमोर. टाळेबंदीत दिवाकरराव माझ्यापुढे बसून मीटिंग घ्यायचे, तेव्हा मुंबईचे साहेब विचारायचे, "काय दिवाकर, गावी जाऊन बसलात वाटतं?" तेवढ्यापुरता या घराला गाव असल्याचा मान मी मिळवून दिला. वाळवी लागली नाही, ओल लागली नाही, उन्हाने रंग उडाला नाही. एका फोटोने यापेक्षा अधिक काय मागावं?

एक सल मात्र होता. मी खोटा नव्हतो, पण खराही नव्हतो. ज्या गावाच्या नावाने मला छान म्हणतात, त्या गावचा माणूस समोर येऊन उभा राहिला तर मला ओळखणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तसंच झालं.

दोन वर्षांपूर्वी घरात भागीबाई कामाला आल्या. चाळिशीच्या, अंगाने काटक, बोलायला कमी. सुरगाण्याकडच्या. त्यांचा नवरा चंदर निफाडकडे द्राक्षबागेत कामाला. आधी दोघंही भात-नागली काढून झाली की जीपमध्ये बसून बागांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. मग गुडघे दुखायला लागले म्हणून भागीबाई नाशकात घरकामाला राहिल्या. त्या मला आधी कोरड्या फडक्याने पुसायच्या, मग ओल्या कागदाने. चौकटीच्या कोपऱ्यांतसुद्धा बोट घालायच्या. वीस वर्षांत असं कोणी पुसलं नव्हतं.

एकदा संपदाताईंनी त्यांना विचारलं, "भागीबाई, हे तुमच्याच बाजूचं आहे म्हणे. ओळखता का?"

त्यांनी फडकं थांबवून नीट पाहिलं. "नाय ताई. आमच्याकडं असं नाय. डोंगर आमच्या डोंगरावानी हाय, पण असा नाय."

त्या दिवशी मला खिळ्यावरून पडावंसं वाटलं.

त्यांचं दुखणं मला हळूहळू कळलं. दुपारी भाजी निवडताना त्या गोदावरीकाकूंशी बोलायच्या. काकू आता ऐंशीच्या घरात. कान शाबूत, पाय नाहीत. भागीबाईंच्या सासऱ्याने आणि नवऱ्याने डोंगराच्या उतारावर तीन एकर शेत काढलेलं. जमीन वनखात्याची. पण पिढ्यान्‌पिढ्या अशी जमीन कसणाऱ्यांच्या नावावर ती करून देणारा कायदा आला. पाड्यावरच्या बाकीच्यांचे दावे मंजूर झाले. यांचा राहिला.

"का गं?" काकूंनी विचारलं.

"पाहणीला माणसं आली तवा आम्ही निफाडला. द्राक्षाच्या कामावर. शेतात कोणीच नाय, घराला कुलूप. दुसऱ्यांदा आली तवाबी आम्ही बागेतच. पाहणी नेमकी त्याच दिवसांत येती, आजी."

कायद्यात तारीख होती. तेरा डिसेंबर दोन हजार पाचच्या आधीपासून ती जमीन तुम्ही कसत होता, हे दाखवावं लागतं. पुरावे एकाहून जास्त लागतात. गावातल्या म्हाताऱ्या मल्हारीबाबाचा जबाब हा एक होता. दुसरा नव्हता. दिवाळीनंतर फेरतपासणी होती आणि ती शेवटची, असं त्यांना सांगितलं होतं.

"नाय झालं तर?"

"तर काय. बागा हायेत, तुमचं घर हाय. करू." भागीबाई शेंगा मोडत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बांधाचा दगडन्‌दगड डोक्यावरून नेलाय आजी मी. लगीन होऊन आले त्या सालापासून. पण दगड बोलत नाय."

ती बांधावरची बाई माझ्यात होती. आणि ज्या बाई मला रोज पुसत होत्या त्या समोर. पण खरं सांगतो, मीसुद्धा ओळखलं नाही. काडीच्या गुलाएवढ्या माणसाला तोंड कुठलं असणार?

गेल्या वर्षीच्या दिवाळीला संपदाताईंनी हॉलचं रूप पालटायचं मनावर घेतलं. भिंतींना फिका रंग, नवे पडदे, आणि समोरच्या भिंतीवर हॉल मोठा दिसावा म्हणून भलाथोरला आरसा. माझंही ठरलं होतं. त्या फोनवर कोणाला तरी म्हणाल्या, "तो खेड्याचा फोटो आता फार जुनाट वाटतो. दिवाळीनंतर उतरवणार आहे." मी रागावलो नाही. वीस वर्षं भिंत मिळाली, हे काय थोडं झालं?

सुतार आरसा ठोकून गेला. त्यावर त्याच्या हाताचे ठसे होते. भागीबाई ओलं फडकं घेऊन आल्या आणि वरून पुसत खाली आल्या. मी समोरच्या भिंतीवरून बघत होतो. आरशात त्या होत्या आणि त्यांच्या मागे मी. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला पाहिलं, आणि तेही सुलटं.

भागीबाईंचा हात थांबला. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आरशात. मग पुन्हा माझ्याकडे. फडक्यातलं पाणी नव्या फरशीवर टपटपत होतं.

"आजी," त्या म्हणाल्या. "आजी, हे आमचं हाय."

काकू खुर्चीतून म्हणाल्या, "काय तुमचं?"

"हे गाव. आरशातलं. त्या भितीवरचं नाय, हे आरशातलं. ही खाच, हा उंबर, ही जावेची झोपडी. हा आमचा बांध. अजून निम्माच हाय, वरचा भाग झाला नव्हता." त्यांनी बोट आरशावर टेकवलं. "आणि ही बाई मी हाय. फोटोवाला आला होता मोटारसायकलवर. थांब म्हणाला. डोक्यावर दगड, मी कशी थांबू? नंतर घरी आला, पाणी मागितलं. आंबील दिली तर एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं."

काकूंनी चष्मा लावून एकदा आरशात पाहिलं, एकदा भिंतीवर. मग त्यांनी दिवाकररावांना हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "दिवाकर, तो फोटो खाली घे. मागचा पुठ्ठा काढ, पाठीवर नाव-तारीख लिहिली आहे का बघ. आणि वास्तुशांतीचा अल्बम आण."

मला वीस वर्षांनी जमिनीवर ठेवलं. पुठ्ठा निघाला, शेखरभाऊंची शाई दिसली. दिवाकररावांनी ती मोठ्याने वाचली. "गावाची माफी मागून" इथे ते आले आणि संपदाताई काकूंकडे बघायला लागल्या. अल्बममध्ये मी प्रत्येक पानावर होतो आणि कोपऱ्यात नारिंगी आकडे. फेब्रुवारी दोन हजार पाच. त्या तेरा डिसेंबरच्या दहा महिने आधीचा.

शेखरभाऊंना फोन लावला. स्टुडिओ कधीच बंद झालेला. निगेटिव्ह नदीकाठच्या घरात ट्रंकेत होत्या, त्या पुराच्या पाण्यात गेल्या. "पण मी आहे ना," ते म्हणाले. "आणि आंबील अजून आठवते. नाव नका काढू."

दिवाकररावांनी माझा फोनवर फोटो काढला आणि बोटाने सुलटा करून दाखवला. "फेरतपासणीला हा नेऊ की. तो जड फोटो कशाला न्यायचा?"

"अस्सल नेतात," काकू म्हणाल्या. "आपल्या घरात यजमानांच्या सात सात पिढ्यांची नावं वह्यांत लिहिलेली आहेत. कोणी आलं तर तुझे वडील वही काढून दाखवायचे, तोंडी सांगायचे नाहीत. आणि मी पण येणार."

"आई, घाटाचा रस्ता आहे. तुझे पाय..."

"उलटं मी करायला लावलं. मी आल्याशिवाय कसं चालेल?"

अशी आमची वरात निघाली. पुढे दिवाकरराव आणि शेखरभाऊ, मागे काकू आणि भागीबाई, आणि दोघींच्या मांडीवर आडवा मी, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला, माझ्यावर अल्बम. दिंडोरी गेली, वणी गेली. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. काकू आणि शेखरभाऊ वणीपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. तिथे चहाला थांबल्यावर शेखरभाऊ म्हणाले, "घ्या काकू, बशी." मग काकू म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा नीट सांगितलं असतं तर ऐकलं असतं मी." शेखरभाऊ म्हणाले, "हो काकू." हे दोघांनाही खोटं माहीत होतं.

करवंदपाड्यावर चादर काढली आणि मी माझं गाव पाहिलं. काय सांगू? इतकी वर्षं ज्याचं रूप घेऊन जगलो ते समोर उभं होतं. मोठं, गार, शेणामातीचा वास असलेलं. गावाला वास असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

फेरतपासणीच्या समितीची माणसं आली होती. पाड्यावरचे लोक जमले होते, चंदर निफाडहून आला होता. साहेब मध्यमवयीन, शांत बोलणारे. त्यांनी मल्हारीबाबाचा जबाब वाचला, मान हलवली आणि म्हणाले, "दुसरं काय आहे?"

भागीबाईंनी मला पुढे केलं. साहेबांनी मला दोन्ही हातांनी धरलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेताकडे.

"बाई, हे ते नाही. तुमचा ओहोळ या हाताला आहे, फोटोत त्या हाताला. झोपड्या पण पलीकडे. डोंगरात खाच असते, शंभर डोंगरांत असते."

दिवाकरराव पुढे झाले. फोन काढून सुलटा केलेला फोटो दाखवू लागले. साहेबांनी हसून हात वर केला. "फोनमध्ये आजकाल काहीही करता येतं हो. माझा मुलगा मला वाघावर बसवून देतो. मी कागदावर काय लिहू?"

शेखरभाऊंनी माझी पाठ दाखवली, शिक्का दाखवला. साहेबांनी ते वाचलं. "उलटा का छापला?"

शेखरभाऊंनी दिवाकररावांकडे पाहिलं. भागीबाई खाली बघत होत्या. त्यांना ठाऊक होतं, पण मालकिणीचं नाव चारचौघांत त्या घेणार नव्हत्या. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं. काकू काठी टेकत, ढेकळं तुडवत आल्या.

"मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "घरातलं पाणी दाराबाहेर वाहू नये म्हणून. माझं चुकलं. पाणी ज्याच्या शेतातून जातं त्याला विचारायला हवं होतं. लिहा तसं. माझं नाव गोदावरी, सही करते मी."

साहेब अवघडले. "आजी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण जे डोळ्याला दिसतं तेच पंचनाम्यात लिहिता येतं. इथे जुळताना दिसत नाही."

मला वाटलं, संपलं. त्या क्षणी मला काचेसकट फुटून जावंसं वाटलं. ज्या शेतामुळे माझं कौतुक झालं, त्याच शेताच्या मुळावर मी उठलो होतो.

भागीबाईंनी मान वर केली. "साहेब, फोन खोटं बोलतो. आरसा बोलतो का खोटं?"

"आरसा? नाही. आरसा कसा बोलेल?"

"मंग थांबा जरा."

त्या शेजारच्या सखुबाईंच्या दाराशी गेल्या. सखुबाईंच्या सुनेच्या लग्नात आलेलं लोखंडी कपाट घरात होतं, दाराला माणूसभर उंच आरसा. सखुबाईंनी सुनेला हाक मारली, सुनेने आतल्या साड्या पटापट गोधडीवर काढल्या, आणि चंदर आणि तिघं गडी ते कपाट उचलून निघाले. पाड्यावरच्या साऱ्या बाया मागे. सखुबाई सारखं म्हणत होत्या, "हळू रं, काच हाय. लग्नाचं हाय."

शेखरभाऊ तोवर ओहोळापलीकडच्या खडकावर जाऊन उभे राहिले होते. वीस वर्षांनी जागा बरोबर सापडली त्यांना. त्यांच्या बाजूला कपाट उभं केलं, खाली दगड घालून ताठ केलं. चंदरने मला छातीशी धरून आरशासमोर उभं केलं.

साहेब आरशात बघायला लागले. आरशात मी. मग त्यांनी मान शेताकडे वळवली. पुन्हा आरशाकडे. त्यांच्याबरोबरचे दोघंही वाकले. एकाने बोटाने डोंगराची खाच मोजली. दुसरा म्हणाला, "उंबर वाढलाय, पण फांदी तीच हाय बघा, ओहोळावर वाकलेली." साहेब बांधाशी चालत गेले, खालच्या थरातला एक लांबट काळा दगड पायाने दाखवून ओरडले, "हा आहे का त्यात?"

"आहे," आरशापाशी उभा असलेला माणूस म्हणाला. "त्याच जागी."

साहेब परत आले. त्यांनी शेखरभाऊंना विचारलं, "फोटो काढल्यावर तुम्ही काय केलंत?"

"पाणी मागायला घरी गेलो. आंबील दिली."

साहेबांनी भागीबाईंकडे पाहिलं. "आवडली का त्यांना?"

"नाय साहेब. एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं."

सगळे हसले, साहेबही. मग ते कपाटाच्या बाजूला टेकून, गुडघ्यावर फळी ठेवून लिहायला बसले. लिहिताना एकदा त्यांनी विचारलं, "कपाटाच्या आरशात पाहिलं असं लिहू का?" आणि स्वतःच म्हणाले, "लिहितोच. खरं आहे ते." त्यांनी अल्बममधल्या दोन फोटोंची नोंद केली, शेखरभाऊंचा जबाब घेतला, काकूंची सही घेतली. भागीबाईंनी अंगठा दिला नाही, सही केली. मोठी, कागदाच्या कडेला जाणारी.

निघताना काकू म्हणाल्या, "भागी, फोटो तुझ्या घरी ठेव. तुझंच आहे ते."

भागीबाईंनी माझी काच पदराने पुसली. "मी काय करू आजी त्याचं? मला दारात उभं राहिलं की दिसतं. तुमच्याकडंच राहू द्या. तुम्हाला कुठं दिसतं?"

त्यात टोमणा नव्हता. मला तर ते आशीर्वादासारखं वाटलं.

मी परत आलो, त्याच खिळ्यांवर. उतरवण्याचा विषय संपदाताईंनी पुन्हा काढला नाही. उन्हाळ्यात दावा मंजूर झाल्याचा कागद हातात आला आणि भागीबाई काम सोडून गावी गेल्या. चंदरनेही बाग सोडली. जाण्याआधी त्यांनी मला कोपऱ्यांत बोट घालून पुसलं. त्यांच्यानंतर नीट पुसणारं कोणी नाही, हे मला लागतं. पण मी कुरकुरणार नाही.

पाहुण्यांचं मात्र बदललं आहे. आता कोणी "कुठलं गाव?" म्हटलं की काकू त्याला बिस्कीट उचलू देत नाहीत. उठवून आरशासमोर उभं करतात आणि सांगतात, "हे करवंदपाडा. हे भागीबाई आणि चंदरचं शेत. ही बांधावर भागी." माझ्यासारखे फोटो पुष्कळ घरांत आहेत. आपल्याही घरी असेल. त्यातल्या शेताला मालक असतो, वाटेवरच्या बाईला नाव असतं. जमलं तर विचारून घ्या. नाहीच कळलं तर निदान गाव फिरवू नका, आहे तसं राहू द्या.

गेल्या महिन्यात भागीबाई आल्या होत्या. पिशवीत नागलीचं पीठ. काकूंनी त्यांना सोफ्यावर बसवलं. त्या आधी कडेला टेकल्या, मग नीट बसल्या. चहा पिऊन झाल्यावर त्या उठल्या, आरशासमोर गेल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होतो.

"आजी," त्या म्हणाल्या, "हा फोटो आता जुळायचा नाय."

"का गं? काय झालं?"

"बांध आणखी वर नेला आम्ही. खाली नवा घातला, तिथं भात लावलं. ढीग तीन नाय, सात झाले यंदा. आणि हे घर बघा ना, कूड काढून आता विटा घेतोय." त्यांनी आरशावर बोट फिरवलं. "यातलं काय राहिलं? डोंगर तेवढा."

काकू हसल्या. मीही हसलो असतो. वीस वर्षं उलटा म्हणून जुळलो नाही, आणि आता सुलटा करूनही जुळत नाही. देवा, तुझे उपकार. दर वर्षी आणखी थोडा चुकीचा होऊ दे मला.